कन्फाइडखालचं वाक्य

बसमध्ये त्याच्या मागच्या बाकावर दोन मुली एकमेकींची उजळणी घेत होत्या. एक शब्द विचारायची, दुसरी पाढे म्हटल्यासारखा अर्थ आणि वाक्य घडाघडा म्हणून दाखवायची. परीक्षा तोंडावर आली असावी. त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. साठी गाठलेल्या माणसाला सकाळच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली की तो बाहेर बघत राहतो, आणि काय बघितलं असं कुणी विचारलं तर त्याला सांगता येत नाही. कन्फेस झाला. मग पहिली म्हणाली, "कन्फाइड." दुसरीने एका दमात सांगून टाकलं, "कन्फाइड म्हणजे विश्वासाने सांगणे. द गर्ल कन्फाइडेड टू हर फादर दॅट शी कुड नो लाँगर रिमेंबर हर मदर्स फेस. मुलीने वडिलांना विश्वासाने सांगितले की तिला आता आईचा चेहरा आठवत नाही."

"शी बाई," पहिली म्हणाली, "आईचा चेहरा कुणी विसरतं का? काहीही लिहितात हे लोक."

"तू कशाला डोकं लावतेस? हेच वाक्य लिहायचं, पूर्ण मार्क मिळतात."

"आणि सांगितलं कुणाला, तर बापाला!"

दोघी हसल्या आणि उजळणी कन्फर्मवर गेली.

त्याचा स्टॉप आला आणि गेला. हे लोक म्हणजे दुसरंतिसरं कुणी नव्हतं, तोच होता. मान वळवून बघावं असं त्याला वाटलं, पण वळवली नाही. पुढच्या स्टॉपवर उतरला आणि उलट चालत निघाला. फुटपाथवर दुकानांची शटरं वर जात होती, एक माणूस काचेला साबण लावत होता, आणि त्याच्या कानात ते वाक्य त्या पोरीच्या सुरात, मधे श्वास न घेता, पुन्हा पुन्हा म्हटलं जात होतं. वाक्य त्याचं होतं खरं. पण ते पहिल्यांदा ज्या सुरात बोललं गेलं तो सूर वेगळा होता, हळू होता. खिडकीकडे तोंड करून, टॉवेलने केस पुसता पुसता ते कुणीतरी बोललं होतं, आणि त्यात द गर्ल नव्हती. त्यात 'मला' होतं.

कोशाच्या कचेरीत पंचवीस वर्षं तो एकच काम करत आला होता. इंग्रजी शब्दांचे अर्थ दुसरे ठरवत, उच्चार तिसरे ठरवत. अर्थाच्या खाली तिरक्या अक्षरांत जे एक वाक्य छापतात ते त्याचं. म्हणून सगळे त्याला वाक्यवाले म्हणत, टपाल आणणारासुद्धा. कामाचे नियम जुन्या संपादकांनी घालून दिले होते, आणि ते जाऊन वर्षं झाली तरी कागद भिंतीवर चिकटलेलाच होता: नाव नको, गाव नको, साल नको, आणि शब्द ठाऊक नसलेल्यालाही नुसत्या वाक्यावरून तो कळला पाहिजे. दर गुरुवारी सगळे लांब टेबलाभोवती बसत आणि तो आठवड्याची वाक्यं मोठ्याने वाची. वाक्य जमलं असेल तर कुणी काही बोलत नसे. फसलं असेल तर संपादक नुसते खोकत. त्या खोकल्याला तो जेवढा भ्याला तेवढा आयुष्यात दुसऱ्या कशाला भ्याला नाही. खोकला खाल्लेलं कार्ड 'अडलेले' अशी चिठ्ठी लावलेल्या खणात जाई आणि पुन्हा कधीतरी वर येई. बहुतेक शब्द एकदोन फेऱ्यांत सुटत. कन्फाइड मात्र तेरा वर्षं त्या खणात होता. तेरा वर्षांत त्याने त्या शब्दाला सात वाक्यं केली, आणि सातही वेळा संपादक खोकले. "अहो, या वाक्यात काय सांगितलं ते कळतं," ते म्हणायचे, "सांगताना जीव कसा झाला ते कळत नाही." म्हातारा फार खवट होता, पण त्याचं खोटं नसायचं.

नाव नको म्हटल्यावर वाक्यांत माणसं आणायची कुठून? घरी एक होती. सहा वर्षांची, आई नुकतीच गेलेली, दात पडलेली. तो संध्याकाळी कार्डं घरी आणायचा, आणि ती टेबलाखाली बसून त्याच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून ठेवायची. तिने बाहुली बादलीत टाकून दिली की त्याला अबँडनचं वाक्य मिळे. ताप आल्यावर गोळी घ्यायला तिने तोंड उघडलं नाही, की ते रिफ्यूजला जाई. कोश पुढे सरकत गेला तशी तीही वाढली. एच आला तेव्हा ती सायकल शिकत होती, पी आला तेव्हा तिला चष्मा लागला, डब्ल्यूमध्ये ती कॉलेजातून उशिरा घरी येत होती आणि तो गॅलरीत उभा होता. सगळीकडे ती नुसती द गर्ल. घरातसुद्धा तिचं तेच नाव पडलं. "अहो द गर्ल, पानं घेतलीत," तो हाक मारायचा, आणि आतून आवाज यायचा, "द गर्ल इज नॉट हंग्री," आणि त्याच्या पाठोपाठ ती स्वतः येऊन ताटावर बसायची. बाबा, तू आज मला किती वेळा लिहिलंस, असं ती विचारी. तीन वेळा म्हटलं तर खूश, एकदाही नाही म्हटलं तर गाल फुगलेले. बाप आणि मुलगी दोघंच असलेल्या घरात असे खेळ लागतात, नाहीतर संध्याकाळ जाता जात नाही.

तिला वाढवलं तसं म्हटलं तर मावशीने. बायकोची मोठी बहीण खालच्याच मजल्यावर राहायची. एकटी होती, बोलकी होती, आणि बहिणीचं नाव घराबाहेर जाऊ द्यायचं नाही असा तिने पणच केला होता. रोज संध्याकाळी भाचीची वेणी घालताना ती सांगत बसे: तुझी आई हसली की आधी डावा गाल हसायचा. तुझ्या आईच्या भुवईत एक केस उलटा होता. रागावली की नाकाचा शेंडा लाल, आठवतं ना? "आठवतं," मुलगी म्हणायची. मावशीचा हात मग वेणीवर हलका होई. हे बारा-तेरा वर्षं चाललं. रोजचं तेच "आठवतं."

कचेरीत पोचायला त्याला वीस मिनिटं उशीर झाला. "वाक्यवाले, आज पूर्णविराम कुठे पडला होता?" असं उच्चारवाल्यांनी विचारलं. हे त्याच्याच वयाचे, कायम सर्दीने बेजार. शब्दांचे उच्चार ठरवणारा माणूस स्वतः नाकात बोलतो ही कचेरीतली जुनी थट्टा होती. नव्या आवृत्तीची पानं टेबलावर रचलेली होती. सी अक्षर आज संध्याकाळी छपाईला जायचं होतं. या आवृत्तीबरोबर तो निवृत्त होणार होता, म्हणजे यापुढे त्याच्या हातात काही नव्हतं. गेले सहा महिने रोज तो ठरवत होता की कन्फाइडचं वाक्य बदलायचं, आणि रोज ते पान वरून खाली सरकवत होता. कशाला? कारण वाक्य चांगलं होतं. दुसरं काय कारण असणार? ज्या गुरुवारी त्याने ते वाचलं त्या गुरुवारी टेबलाभोवती असा सन्नाटा पसरला की संपादकांनी चष्मा काढून ठेवला होता.

नव्या संपादक मॅडम पंचेचाळिशीच्या होत्या. कामाला वाघ, मनाने साफ. त्या हसतच त्याच्या टेबलाशी आल्या.

"वाक्यवाले, मलपृष्ठाचं ठरलं. जाहिरातीचा मजकूर काही नको. एकच शब्द, त्याचा अर्थ, आणि खाली तुमचं वाक्य. कन्फाइड. मोठ्या टायपात, मधोमध. निवृत्तीची भेट समजा."

"ते वाक्य काढायचंय," तो म्हणाला.

"मलपृष्ठावरून?"

"कोशातून."

मॅडमना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "आपल्या सबंध कोशात लोकांना पाठ असलेलं ते एक वाक्य आहे."

"हो. ऐकलं मी आज."

"नियम मी तुम्हाला काय सांगायचे! छापलेलं वाक्य काढायचं तर कारणाची चिठ्ठी लागते, आणि बदली वाक्य लागतं. कारण पटण्यासारखं असलं पाहिजे. चार वाजता पानं जातील." त्या उठल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "माझं मन नाही होत हो. एवढं सुरेख वाक्य."

कारण द्यायला त्याच्याकडे चांगलं सणसणीत कारण होतं. पण ते चिठ्ठीवर लिहायचं म्हणजे पोरीची गोष्ट पुन्हा एकदा कागदावर मांडायची, मग ती चिठ्ठी फायलीला लागणार, कचेरीतले चार जण ती वाचणार आणि हळहळणार. एकदा विकलेली वस्तू सोडवून आणायला जावं आणि तिथेच पुन्हा विकून यावं असला प्रकार. त्याने कोरं कार्ड पुढे ओढलं. पेन्सिल हातात घेतली. रुग्णाने डॉक्टरांना विश्वासाने सांगितले. काय सांगितले? कैद्याने वकिलाला. सुनेने शेजारणीला. नुसती माणसं येत होती आणि तोंड उघडून उभी राहत होती. तेरा वर्षं हेच तर होत होतं. या शब्दाची अडचण त्याला पाठ होती. आपल्याकडे 'मन मोकळं करणं' आहे, पण त्यात सांगणाराच हलका होतो, ऐकणारा कुणी का असेना. 'गुपित सांगणं' पोराटोरांचं. 'विश्वासात घेणं' साहेब लोक करतात, आणि ज्याला घेतात त्याचं बहुधा काही खरं नसतं. कन्फाइडमध्ये एक जण स्वतःचा तुकडा काढून दुसऱ्याच्या हातात ठेवतो आणि हात मागे घेतो. पुढचं सगळं त्या दुसऱ्यावर. अर्धा शब्द बोलणाऱ्याचा असतो, उरलेला अर्धा ऐकणाऱ्याने नंतर कितीतरी वर्षं सांभाळायचा असतो. हे त्याला आता नीट कळत होतं. अर्थ लिहिणाऱ्यांनी लिहिलं होतं 'विश्वासाने सांगणे', आणि काही चुकीचं लिहिलं नव्हतं.

रविवारची दुपार होती. मुलगी एकोणीस वर्षांची. नहाणं झालं होतं, खिडकीशी उभी राहून केस पुसत होती, केसांचं पाणी फरशीवर पडत होतं आणि तो नेहमीसारखा टेबलाशी अडलेल्या खणातली कार्डं घेऊन बसला होता, कारण छपाईला महिना राहिला होता. खालून मावशीची हाक आली, वेणीला ये. मुलगी "आले" म्हणाली आणि गेली नाही. जरा वेळाने खिडकीकडेच तोंड ठेवून ती म्हणाली, "बाबा, तुला एक सांगू? कुणाला सांगायचं नाही." तो हं म्हणाला. "मला आईचा चेहरा आठवत नाही आता. मावशी विचारते तेव्हा मी आठवतं म्हणते. खूप वर्षं झाली. मला फक्त फोटो आठवतो." टॉवेल तिच्या हातात तसाच थांबला होता. ती वाट बघत होती. कशाची, ते आता अकरा वर्षांनी त्याला अगदी लख्ख दिसत होतं. त्याने उठायला हवं होतं, निदान खुर्ची सरकवायला हवी होती. त्याच्याही छातीत तेव्हा काहीतरी जोराने हललं होतं. काय हललं ते बघायची त्याला भीती वाटली. "होतं असं," तो म्हणाला. ती थोडा वेळ उभी राहिली आणि खाली वेणीला गेली. आणि त्याने, समोर पडलेल्या कार्डाकडे बघता बघता, छातीतलं ते हलणं थांबावं म्हणून, हाताला सवय होती म्हणून, पेन्सिल उचलली. वाक्य एका झटक्यात आलं, एक शब्द खोडावा लागला नाही. लिहून झाल्यावर त्याला बरं वाटलं. खोटं कशाला बोला, आनंद झाला. तेरा वर्षांचा काटा निघाला होता.

कोश छापून आला तेव्हा मावशीने दुकानात जाऊन स्वतःच्या पैशांनी प्रत विकत घेतली. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण प्रत्येक वाक्याखाली त्याचा अर्थ होताच. तिने पहिल्या पानापासून, ओळीवर बोट ठेवून, भाची शोधायला सुरुवात केली. सापडली की पानात लोकरीचा एक तुकडा घालायची. "आज सापडली हो, बादलीपाशी!" असं जिन्यातून ओरडून सांगायची. दोन महिने ती ए आणि बीमधून चालत होती. तिचं बोट कुठल्या पानाकडे चाललंय हे त्याला समजायला हवं होतं. नाही समजलं. त्याच्या लेखी ते वाक्य मुलीचं राहिलंच नव्हतं, ते कन्फाइडचं झालं होतं. एका संध्याकाळी मावशी वर आली, कोश मिटलेला, बोट आत. कुणी भांडेल, रडेल, तर बरं. ती मुलीसमोर बसली आणि अगदी सरळ आवाजात म्हणाली, "मी रोज सांगायचे आणि तू हो हो म्हणायचीस. इतकी कीव येत होती होय गं माझी?"  मुलीने बापाकडे बघितलं. आणि तो, वाक्यं करण्यात ज्याचा जन्म गेला तो माणूस, काय बोलला? "अगं, पण त्यात नाव कुठे आहे?" असं बोलला. नियम पाळला होता ना त्याने. नाव नाही, गाव नाही, साल नाही.

मावशीने त्यानंतर बहिणीचा विषय कधी काढला नाही. वेणी बंद झाली, मुलीनेच केस कापून टाकले. वर्षभरात तिने लांबच्या शहरात नोकरी धरली. चार वर्षांपूर्वी मावशी गेली तेव्हा ती आली होती, तीन दिवस राहिली, सगळ्यांचं चहापाणी बघितलं, आणि त्याच्याशी बँकेतल्या माणसाशी बोलावं इतकं नीट बोलली. "तुम्ही जेवून घ्या," म्हणाली. तू म्हणणं तिने कधी सोडलं ते त्याने मोजलं नव्हतं. एका रविवारी फोनवर ऐकताना लक्षात आलं की आपल्याला आता अहो-जाहो चालू झालंय. फोन मात्र ती चुकवत नसे. दर रविवारी सव्वादहाला घंटी वाजे. बरे आहात ना, गोळ्या घेता ना, गुडघा काय म्हणतो. चार मिनिटांत ठेवते म्हणायची. ती चार मिनिटं तो आठवडाभर पुरवून वापरायचा. तिच्या मागे काय वाजतंय ते ऐकायचा: नळ, कुणाचं तरी हसणं, रेडिओ, चमचा. तिच्या घराची मांडणी त्याने आवाजांवरून लावली होती. नळ उजवीकडे असावा. खिडकी रस्त्यावर असावी. तिथे उभी राहून ती अजून केस पुसते का, हे त्याला विचारायचं असे. विचारायचा नाही.

साडेतीनला त्याने कार्ड लिहिलं. 'कारकुनाने आपली चिंता मित्राला विश्वासाने सांगितली.' मेलेलं वाक्य. ना कारकुनाला तोंड, ना चिंतेला. जुने संपादक असते तर दम लागेपर्यंत खोकले असते. त्याने ते एकदा वाचलं आणि बदललं नाही. मग कारणाच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'अर्थ बरोबर आहे. वापर चुकला आहे,' आणि खाली सही केली.

मॅडमनी चिठ्ठी वाचली, कार्ड वाचलं, परत चिठ्ठी वाचली. "वापर कुठे चुकलाय? इतक्या वर्षांत एकाने तरी पत्र लिहिलंय का, की हे चुकलंय म्हणून?"

"नाही."

"मग?"

"मी चुकलोय मॅडम. माझ्याच हातचं आहे, म्हणून मला माहीत."

"हे कारकुनाचं वाक्य तुम्हाला त्याच्यापेक्षा बरं वाटतं?"

"नाही. भिकार आहे."

मॅडमनी त्याच्याकडे नीट बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उलगडायला लागलं. "वाक्यवाले," त्या हळूच म्हणाल्या, "ती मुलगी म्हणजे तुमची..."

शेजारच्या टेबलावर उच्चारवाले खोकले. सर्दीचा खोकला नव्हता तो. अगदी जुन्या संपादकांसारखा, कोरडा, एकच. त्यांनी मान वर केली नाही, पुढ्यातल्या पानावर काहीतरी खूण करत राहिले.  मॅडमनी पेन काढलं आणि चिठ्ठीवर सही केली. मलपृष्ठावर आता दुसरं काय छापायचं यावर पाच मिनिटं बोलणं झालं, आणि चार वाजता पानं गेली.

रविवारी तो नऊपासूनच फोनशी बसला होता. सांगायचं वाक्य तयार होतं: ते वाक्य मी काढलं. शनिवारभर त्याने ते घोळवलं होतं, इतकं की त्याची चव गेली होती. घंटी वाजली.

"बरे आहात ना?"

"बरा आहे."

"गोळ्या?"

"घेतो."

"गुडघा?"

"आहे जागेवर."

तिच्या मागे आज नळ नव्हता. बायकांचं बोलणं ऐकू येत होतं, बहुधा तिच्या बरोबर राहणाऱ्या असाव्यात. ते वाक्य मी काढलं, हे अगदी जिभेवर आलं, आणि तिथे त्याला ते स्वतःलाच ऐकू आलं. पोचपावती मागितल्यासारखं होतं ते. बघ, मी केलं, आता तू कर. आणि काढलं तरी काय? घराघरात जुन्या प्रती होत्याच, बसमधल्या पोरीला ते पाठ होतंच. अकरा वर्षांपूर्वी खिडकीशी ती ज्याची वाट बघत उभी होती ते हे नव्हतं.

"बरं, ठेवते मग," ती म्हणाली.

"थांब जरा. एक सांगायचंय."

"बोला."

"मला तिचा चेहरा आठवत नाही. तुझ्या आईचा."

 ती समजुतीच्या आवाजात म्हणाली, "वयाने होतं असं."

"वयाने नाही. तू मला सांगितलंस ना, तेव्हाही नव्हता आठवत. त्याच्याही आधीपासून. ती गेली आणि दोनएक वर्षांत गेला तो. फोटो दिसतो. फोटोत तिची मान वाकडी आहे बघ, फोटोवाल्याने करायला लावली होती. घरात तिने तशी मान कधी केली नाही. पण मला तेवढीच दिसते."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"घाबरलो." आता थांबून चालणार नव्हतं. "मी नवरा होतो तिचा. तू सहा वर्षांची होतीस, तू विसरलीस तर कुणी काय म्हणणार होतं? तू सांगितलंस आणि माझंच बोललीस असं वाटलं. मला ते अंगावर घेववेना. म्हणून मुलगी असं लिहिलं. तुझ्या गळ्यात घातलं आणि मी सुटलो."

"मावशीला माहीत होतं?"

"नाही. कुणालाच नाही. तुला सांगतोय."

बायकांचं बोलणं मागे चाललं होतं. घड्याळाकडे त्याने बघितलं नाही, पण चार मिनिटं कधीच होऊन गेली असतील. फोन कानाला इतका घट्ट लागला होता की कान दुखत होता.

"हे लिहिलंत कुठे?" तिने विचारलं.

"नाही."

"कार्डावर? पाठकोऱ्यावर?"

"नाही गं. कुठेच नाही."

 मग तिच्या चपलांचा आवाज आला, बायकांचं बोलणं लांब लांब गेलं, आणि दार लावल्याचा आवाज आला. कडी घातली तिने. आता तिकडे काहीच वाजत नव्हतं, फक्त तिचा श्वास होता, जवळ.

"ऐक," ती म्हणाली.

टेबलावर पेन्सिल होती. पंचवीस वर्षांच्या सवयीने हात तिच्याकडे गेला होता, ते त्याला आत्ता दिसलं. त्याने ती उचलली, खणात टाकली, खण लावला, आणि ऐकायला लागला. ती बराच वेळ बोलली. मधे एकदा हसली, मधे एकदा गप्प झाली, तेव्हा तोही गप्प राहिला, आणि मग ती पुढे बोलली. आईचंच काहीतरी होतं, चेहऱ्याचं नव्हे, दुसरं, जे तिच्यापाशी राहिलं होतं आणि त्याच्यापाशी नव्हतं. ते काय, ते त्याने कुठे लिहिलेलं नाही, तेव्हा इथेही ते नाही.